नगरसभेकडून मेयरकडे: फ्रेंच अमलाखालील कोलोन शहराची पुनर्रचना, १७९४ ते १८१४

६ ऑक्टोबर १७९४ रोजी आजच्या जर्मनीतील कोलोन शहराचे एक नगरप्रमुख, राइनर योझेफ आंटोन फॉन क्लेस्पे, वेशीबाहेर आखनकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेले आणि त्यांनी शहराच्या चाव्या फ्रेंच सेनापती शांपियोने यांच्या स्वाधीन केल्या. ऑस्ट्रियन फौजा ऱ्हाईन नदी ओलांडून निघून गेल्या होत्या, त्यामुळे शहराने लढा दिला नाही. ज्या शहराच्या नावाचे कोलनवॉटर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तापाच्या रुग्णाच्या कपाळावर घड्या ठेवण्यासाठी वापरले गेले, तेच हे शहर. चाव्या एका दिवसात दुसऱ्याच्या हाती गेल्या, पण शहराचा कारभार नव्या रीतीने बसायला त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत आणि पुढच्या चौदा वर्षांत काय मोडले, काय उभे राहिले आणि कोण टिकून राहिले, हे पाहणे हा या अभ्यासाचा हेतू आहे.

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. फ्रेंचांनी कोलोनमधील सत्ताधारी घराणी फारशी बदलली नाहीत, त्यांनी सत्तेचा उगम बदलला. पूर्वी अधिकार खालून, निदान कागदावर तरी, व्यवसायसंघांकडून येत असे. नंतर तो वरून, पॅरिसहून, नेमणुकीच्या पत्राने येऊ लागला. या बदलात शहराला नीटनेटके प्रशासन मिळाले आणि बहिष्कृतांना हक्क मिळाले, पण आपल्या कारभारावर चर्चा करण्याची चारशे वर्षांची सवय शहराने गमावली. यातील एकच बाजू सांगणारा इतिहास मला अपुरा वाटतो.

जुना करारनामा

कोलोनची जुनी राज्यघटना म्हणजे १४ सप्टेंबर १३९६ चा करारनामा. चर्मपत्रावर लिहिलेल्या या दस्तऐवजाला २३ मुद्रा लोंबत होत्या, २२ व्यवसायसंघांच्या आणि एक शहराची. या संघांना गाफेल म्हणत. गाफेल ही निव्वळ कारागिरांची श्रेणी नव्हती. त्यात अनेक धंद्यांचे लोक एकत्र येत आणि ज्याला नागरिक व्हायचे असेल त्याला कुठल्या तरी गाफेलमध्ये नाव नोंदवावेच लागे. गाफेलांनी निवडून दिलेले ३६ सदस्य आणि त्या सदस्यांनी स्वतः निवडून घेतलेले १३ मिळून ४९ जणांची नगरसभा बने. सर्वांत बलवान असलेला लोकर विणकरांचा गाफेल चार सदस्य पाठवी. दर सहा महिन्यांनी निम्मी सभा बदले, वर्षभर काम केलेल्या सदस्याला पुढची दोन वर्षे बाहेर राहावे लागे, आणि महत्त्वाच्या प्रश्नांवर गाफेलांच्या आणखी ४४ प्रतिनिधींना बोलवावे लागे. १४७५ मध्ये सम्राटाने पवित्र रोमन साम्राज्यातील मुक्त शहर म्हणून कोलोनचा दर्जा मान्य केल्यावर या सभेच्या वर सम्राटाखेरीज कोणी उरले नाही.

कागदावर ही रचना कोणालाही हेवा वाटावा अशी होती. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या सक्तीच्या विश्रांतीचा नियमच मूठभर घराण्यांच्या उपयोगी पडला. दरवर्षी दोन नगरप्रमुख निवडायचे आणि दोन वर्षांनी त्यांनाच पुन्हा आणायचे, असे ठरले की सहा माणसांचे चक्र आयुष्यभर फिरत राहते. अठराव्या शतकात हेच होत होते. १७७९ पासून दशकभर गाफेलांच्या प्रतिनिधींनी या मक्तेदारीविरुद्ध आवाज उठवला, पण निष्पन्न काही झाले नाही. शिवाय धर्माची भिंत होती. प्रॉटेस्टंटांना नागरिकत्व नव्हते. १७८७ मध्ये नगरसभेने त्यांना एक प्रार्थनागृह बांधू देण्याचे ठरवले, तेव्हा गाफेलांनी आणि धर्मगुरूंनी इतका विरोध केला की तो बेत सोडून द्यावा लागला. म्हणजे जे लोक नगरसभेकडे आपले हक्क मागत होते, त्यांतले बरेचसे दुसऱ्याला हक्क देण्याच्या विरोधात होते. ज्यूंना तर १४२४ मध्येच शहराबाहेर काढले होते. जुन्या कोलोनला लोकशाही म्हणताना एवढे लक्षात ठेवलेच पाहिजे.

तीन वेळा मोडलेली सभा

फ्रेंचांनी आल्याबरोबर नगरसभा बरखास्त केली असती, तर हे प्रकरण सोपे झाले असते. त्यांनी तसे केले नाही. सैन्याला धान्य, चारा, कापड, घोडे आणि पैसा हवा होता, आणि कोणाच्या कोठारात काय आहे हे नगरसभेइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून जुनी सभा तशीच ठेवली गेली आणि तिच्या माथी वसुलीचे काम मारले गेले. वरून आखन येथे एक मध्यवर्ती प्रशासन नेमले गेले. खरेदीचे पैसे फ्रेंच कागदी चलनात दिले जात आणि त्या चलनाची किंमत दिवसागणिक घसरत होती. नागरिकांच्या डोळ्यांसमोर त्यांचीच सभा परक्यांसाठी त्यांच्या घरातले धान्य मोजून नेऊ लागली. माझ्या मते सभेची प्रतिष्ठा खरोखर संपली ती या काळात, पुढे आलेल्या बरखास्तीच्या हुकुमांनी नव्हे. त्याच शरद ऋतूत सेंट पीटरच्या चर्चमधले चित्रकार रूबेन्सचे चित्र पॅरिसला गेले आणि ते परत यायला १८१५ उजाडले.

१७९५ मध्ये सभेने निकोलाउस ड्यूमाँ या आपल्या ज्येष्ठ सदस्याला पॅरिसला पाठवले. खंडणी कमी करून घेणे आणि शहराचे वेगळेपण राखणे, ही दोन कामे त्याच्यावर सोपवलेली होती. कोलोनच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. आम्ही शतकानुशतके प्रजासत्ताकच आहोत, आमच्याकडे राजा नाही, आमची सभा निवडून येते, तेव्हा आम्हाला मुक्त करण्याचे कारणच काय, असा त्याचा आशय होता. पॅरिसला हे पटले नाही. फ्रेंच क्रांतीच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे प्रत्येक व्यक्तीचे समान नागरिकत्व. कोलोनच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे सनदेने मिळालेला, शहराचा म्हणून असलेला विशेषाधिकार. शब्द एकच असला तरी दोघांच्या मनातील अर्थ वेगळे होते, आणि एक अर्थ मान्य केला की दुसरा टिकत नव्हता.

मे १७९६ मध्ये नगरसभा बरखास्त होऊन फ्रेंच धर्तीची नगरपालिका आली. मार्च १७९७ मध्ये फ्रेंच सेनापती ओश यांनी जुन्या संस्था पुन्हा बसवल्या, कारण जुनी माणसे कमी खर्चात अधिक वसुली करतात असा अनुभव आला होता, आणि नगरसभा परतली. सप्टेंबर १७९७ मध्ये ती पुन्हा आणि कायमची संपली. त्याच महिन्यात फ्रेंचांच्या पाठबळावर ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर वेगळे प्रजासत्ताक स्थापण्याची हाक उठली आणि कोलोनमध्येही क्रांतीचे प्रतीक असलेला स्वातंत्र्यवृक्ष लावला गेला. सोळा महिन्यांत तीनदा कारभार बदललेल्या शहरात कारकुनाने कोणाच्या नावाने पावती फाडायची हाही रोजचा प्रश्न झाला असला पाहिजे. वेगळ्या प्रजासत्ताकाची कल्पना महिन्याभरातच मागे पडली. ऑक्टोबर १७९७ मध्ये ऑस्ट्रियाशी झालेल्या कांपो फोर्मियो तहानंतर पॅरिसने हा मुलूख सरळ फ्रान्ससारखा बसवायचे ठरवले.

रुडलरची मांडणी

हे काम आल्सासचे कायदेपंडित फ्रांस्वा जोसेफ रुडलर यांच्याकडे आले. २३ जानेवारी १७९८ रोजी डाव्या तीराचे चार विभाग पाडले गेले. रूर विभागाचे मुख्य ठाणे आखनला, ऱ्हाईन-मोझेलचे कोब्लेंट्सला, सारचे ट्रिअरला आणि माँ-तोनेरचे माइन्झला ठेवण्यात आले. कोलोन हे या मुलखातले सर्वांत मोठे शहर होते, लोकसंख्या सुमारे ४०,०००. तरीही ते आखनच्या हाताखाली गेले. शतकानुशतके सम्राटाखेरीज कोणाला न जुमानलेल्या शहराने आता शेजारच्या शहरातल्या कचेरीकडे अर्ज पाठवायचे होते. हा अपमान कोलोनकरांना फार लागला आणि पुढची पंधरा वर्षे ते विभागाचे ठाणे आपल्याकडे यावे म्हणून धडपडत राहिले.

फ्रान्सच्या १७९५ च्या राज्यघटनेनुसार १०,००० ते ५०,००० वस्तीच्या शहराला सात सदस्यांचे नगरप्रशासन मिळे आणि त्याच्या शेजारी केंद्र सरकारचा एक आयुक्त बसे. फ्रान्समध्ये हे सदस्य निवडून येत. ऱ्हाईनलँडमध्ये ते नेमले गेले, कारण निवडणूक घेतली तर फ्रेंचांना हवे ते लोक येणार नाहीत, हे सरकार ओळखून होते. नव्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष मला इथेच दिसतो. समतेच्या नावाने आलेल्या सरकारने ज्यांना समान केले त्यांचे मत विचारले नाही.

मात्र त्याच १७९८ मध्ये जे घडले ते लहान नव्हते. गाफेल आणि श्रेण्यांचे विशेषाधिकार संपले, त्यामुळे धंदा करायला कोणाच्या परवानगीची गरज उरली नाही. धर्मगुरूंच्या करमाफीची सद्दी संपली. १३८८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ बंद झाले, आणि हे नुकसान शहराने सव्वाशे वर्षे सोसले. प्रॉटेस्टंट बरोबरीचे नागरिक झाले आणि १८०२ मध्ये त्यांना अँटोनाइट चर्च मिळाले. ३७४ वर्षांनंतर ज्यू कुटुंबे शहरात राहायला आली. बॉनहून आलेले झालोमोन ओपनहाइम त्यांतलेच एक, आणि त्यांची पेढी पुढे जर्मनीतल्या मोठ्या खासगी बँकांमध्ये गणली गेली. हा हक्कही सरळ टिकला नाही. १७ मार्च १८०८ च्या नेपोलियनच्या हुकुमाने ज्यू व्यापाऱ्याला दरवर्षी परवाना घेणे भाग पडले आणि त्यासाठी तो सावकारी करत नाही असा नगर परिषदेचा दाखला लागू लागला. म्हणजे भेदभाव राबवण्याचे कामही स्थानिक संस्थेकडेच आले.

या सगळ्यात एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे जन्माची नोंदवही. १७९८ पूर्वी मूल जन्मले की त्याची नोंद चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या दिवशी होई. ज्याचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये होत नसे, तो त्या वहीच्या लेखी नव्हताच. आता बाप मुलाला घेऊन दोन साक्षीदारांसह नगरपालिकेत जाऊ लागला. अधिकारी फ्रेंचमध्ये लिहून घेई. तारीख क्रांतीच्या पंचांगाची असे, जर्मिनालची किंवा वाँतोजची, आणि ती १८०५ अखेरपर्यंत तशीच राहिली. बापाचे वय, धंदा आणि राहण्याचा पत्ता लिहिला जाई, नोंद वाचून दाखवली जाई आणि सह्या होत. सही येत नसेल तर तसे लिहिले जाई. या वह्या दोन प्रतींत ठेवल्या जात, एक नगरपालिकेत आणि दुसरी न्यायालयाच्या दप्तरात. चर्चच्या जुन्या वह्याही नगरपालिकेने ताब्यात घेतल्या. नागरिक आणि सरकार यांच्यातला संबंध यापुढे गाफेलच्या यादीतून जाणार नव्हता, तो या वहीतून जाणार होता. पत्ता लिहायचा तर घराला ओळख हवी, आणि कोलोनच्या घरांना क्रमांक पडले तेही १७९४ च्याच शरद ऋतूत, गल्लीप्रमाणे नव्हे तर सबंध शहराला एकच सलग मालिका धरून. ग्लोकेनगासे या गल्लीतल्या एका घराच्या वाट्याला ४७११ हा क्रमांक आला, आणि पुढे तिथल्या अत्तराच्या कारखान्याने तोच आपल्या कोलनवॉटरचे नाव म्हणून वापरला.

एक माणूस, एक सही

१७ फेब्रुवारी १८०० च्या कायद्याने आजवरची सगळी समित्यांची रचना बाजूला सारली. नेपोलियनचे तत्त्व असे की विचार करणे अनेकांचे काम, कारभार करणे एकाचे. विभागाला प्रीफेक्ट, उपविभागाला उपप्रीफेक्ट आणि गावाला मेयर, अशी एकाखाली एक माणसे बसली. ५,००० च्या वर वस्ती असलेल्या शहराचा मेयर थेट राज्यप्रमुख नेमत असे. मराठी वाचकाने इथे आपला महापौर डोळ्यांसमोर आणू नये. अधिकाराच्या दृष्टीने हा मेयर आपल्या महापालिका आयुक्ताच्या अधिक जवळचा होता, फरक इतकाच की तो स्थानिक प्रतिष्ठितांतून घेतला जाई आणि त्याला पगार नसे. मदतीला सहायक मेयर आणि वस्तीच्या प्रमाणात पोलीस आयुक्त दिले गेले.

नगर परिषद होती. मोठ्या शहरांत तिचे ३० सदस्य असत, तेही नेमलेले. ती वर्षातून एकदा भरे आणि जास्तीत जास्त १५ दिवस चाले. जमाखर्च ऐकावा, कर्जाचा, जकातीचा आणि सामाईक मालमत्तेचा विचार करावा, एवढेच तिचे काम. ज्या शहरात ४९ जणांची सभा वर्षभर बसत होती, तिथे आता वर्षाचे ३५० दिवस चर्चेला अधिकृत जागा नव्हती. अंदाजपत्रकसुद्धा वरून मंजूर होऊन यावे लागे. एखादा रस्ता दुरुस्त करायचा, तर कागद मेयरकडून उपप्रीफेक्टकडे, तिथून आखनला प्रीफेक्टकडे आणि रक्कम मोठी असेल तर पॅरिसला जाई. कारभार शिस्तीचा झाला यात शंका नाही. हिशेब एका नमुन्यात येऊ लागले, अधिकाऱ्याला उत्तर देणे भाग पडू लागले आणि कोणाचे काम कोणते हे ठरून गेले. पण शहर स्वतःच्या पैशाचे धनी राहिले नाही.

त्या पैशाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याशी याचा खरा धागा आहे. फ्रेंच कायद्याखालील शहरांचा मोठा आधार म्हणजे वेशीवर घेतला जाणारा कर. दारू, मांस, जळण, चारा, बांधकामाचे सामान शहरात आले की त्यावर तो घेतला जाई. त्याचे फ्रेंच नाव ऑक्ट्रॉय, म्हणजे सरकारने बहाल केलेला हक्क. हाच शब्द इंग्रजी अमलातून आपल्याकडे आला आणि मराठीतल्या जकातीच्या जोडीने महापालिकांच्या पावत्यांवर बसला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईतून तो गेला. ज्यांनी जकात नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना कोलोनच्या वेशीवरचा खोळंबा वेगळा समजावून सांगायला नको. या कराचा भार गरिबाच्या भाकरीवर आणि सरपणावर अधिक पडतो, हा आक्षेपही दोन्हीकडे सारखाच होता.

आता माणसांकडे वळू. १८०३ मध्ये कोलोनचे मेयर झाले योहान याकोब फॉन विट्गेनश्टाइन. मुक्त शहराच्या शेवटच्या वर्षांत हेच गृहस्थ जुन्या सहा जणांच्या चक्रातले नगरप्रमुख होते. फ्रेंच राज्य संपेपर्यंत ते मेयर राहिले. आणि ज्यांनी आखनच्या रस्त्यावर चाव्या दिल्या ते क्लेस्पे कोलोन उपविभागाचे उपप्रीफेक्ट झाले. क्रांतीने ज्यांना उलथून टाकायचे, त्यांनाच नेपोलियनने नेमणूकपत्र दिले. याला कोणी संधिसाधूपणा म्हणेल. मला तसे सरसकट म्हणवत नाही. त्या काळात शहराची कागदपत्रे, देणी, जमिनी आणि तंटे ज्यांना ठाऊक होते अशी माणसे मोजकीच होती, आणि परक्या राजवटीत शहराचे हित पाहायचे तर खुर्चीवर ओळखीचा माणूस हवा, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. पण पूर्वी या घराण्यांना निदान दोन वर्षे बाजूला बसावे लागे आणि ४४ जणांना तोंड द्यावे लागे. आता विट्गेनश्टाइन यांना सलग अकरा वर्षे फक्त वरच्यांना उत्तर द्यायचे होते.

त्या अकरा वर्षांत केलेले काम भरीव आहे. सप्टेंबर १८०४ मध्ये नेपोलियन आणि जोसेफीन शहरात आले, तेव्हा मेयरने शहराच्या मागण्या पुढे केल्या. १८०३ मध्ये व्यापाऱ्यांचे मंडळ अधिकृत झाले. १७९८ पासून जकातीची सरहद्द ऱ्हाईनवर आली होती आणि समोरच्या तीराशी चालणारा जुना व्यापार तुटला होता. त्यामुळे नदीतून जाणारा माल कोलोनला उतरवून पुन्हा चढवण्याचा मध्ययुगीन हक्क राखणे व्यापाऱ्यांना जीवनमरणाचे वाटे. तो १८३१ पर्यंत टिकला. १८०२ मध्ये मठ बरखास्त झाल्यावर रिकाम्या पडलेल्या इमारतींपैकी सेंट सेसिलियाच्या मठात नागरी रुग्णालय उभे राहिले. गरिबांसाठीचे विखुरलेले धर्मादाय निधी एका मंडळाखाली आणले गेले. त्यामुळे मदत चर्चच्या दारातल्या भिकेवरून नगरपालिकेच्या यादीवर आली. यादीत नाव असण्याचा आधार मोठा असतो. पण यादीत बसवता न येणाऱ्या माणसाची गत काय झाली असेल, हा विचार मन सोडत नाही.

स्मशानाचा प्रश्नही याच काळात सुटला. १२ जून १८०४ च्या हुकुमाने वस्तीत दफन करण्यास बंदी आली. चर्चच्या अंगणात शतकानुशतके एकावर एक पुरलेली प्रेते हा भर शहरातला आरोग्याचा गंभीर प्रश्न होता. जुन्या महारोग्यांच्या वसतिस्थानाच्या जागी, मेलाटेन येथे, त्याच आखनच्या रस्त्यावर नवी दफनभूमी झाली. विद्यापीठाचे शेवटचे रेक्टर फेर्डिनांड फ्रांत्स वालराफ यांनी तिची मांडणी केली आणि २९ जून १८१० रोजी तिचे विधिपूर्वक उद्‌घाटन झाले. रस्त्यांच्या नावांच्या नव्या व्यवस्थेवरही फ्रेंच अमलात याच वालराफनी काम केले. ज्या राजवटीने त्यांचे विद्यापीठ बंद केले, तिच्याच कचेरीत बसून त्यांनी शहराच्या जुन्या नावांतले जे वाचवता आले ते वाचवले.

फ्रेंच गेल्यानंतर

१४ जानेवारी १८१४ रोजी फ्रेंच कोलोन सोडून गेले. विट्गेनश्टाइन यांनी आणखी वर्षभर कारभार पाहिला आणि १८१५ मध्ये शहर प्रशिया या जर्मन राज्यात गेले. इथे या प्रकरणाचे सर्वांत विचारप्रवर्तक वळण येते. प्रशियाकडे १८०८ चा स्वतःचा नगरकायदा होता आणि त्यात निवडून आलेली नगरसभा होती. कोणालाही वाटेल की नेमलेल्या मेयरला कंटाळलेले कोलोनकर तो आनंदाने स्वीकारतील. तसे झाले नाही. १८३१ मध्ये त्या कायद्याची सुधारित आवृत्ती देऊ केली, तेव्हा ऱ्हाईनलँडमधल्या बहुतेक शहरांनी ती नाकारली. प्रशियाचा कायदा शहर आणि खेडे यांत भेद करत होता आणि नागरिकत्वाला पुन्हा वेगळ्या दर्जाचे रूप देत होता. फ्रेंच व्यवस्थेत गाव लहान असो की मोठे, कायदा एकच होता. शिवाय तिला हात लावू दिला तर फ्रेंच दिवाणी संहिता आणि उघडी न्यायालये यांवरही उद्या हात पडेल, अशी भीती होती. वीस वर्षांपूर्वी जे परक्यांनी लादले होते, ते आता आमचे ऱ्हाईनी हक्क म्हणून प्रशियापुढे मांडले जाऊ लागले.

त्यामुळे १८०० चा मेयर, नावापुरता जर्मन होऊन, १८४५ पर्यंत टिकला. त्या वर्षी ऱ्हाईन प्रांतासाठी नवा गावकायदा झाला. नगर परिषद निवडण्याचा हक्क परत आला, पण भरलेल्या करानुसार मतदारांचे तीन वर्ग पाडून आणि मोठा करदाता अधिक वजनाचा ठरवून. मेयरची बलवान खुर्ची तशीच राहिली. १८४६ मध्ये कोलोनकरांनी आपली नगर परिषद निवडली. जुनी नगरसभा मोडल्याला तेव्हा एकोणपन्नास वर्षे झाली होती, आणि तिच्या निवडणुकीत गाफेलमध्ये मत दिलेला नागरिक हयात असलाच, तर तो सत्तरीच्या पुढचा म्हातारा होता.